फिरत्या पात्यांचे गाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सॉमरसेट परगण्यात वेस्टन-सुपर-मेअर नावाचे समुद्रकाठचे एक गाव आहे. नावातील शेवटचे दोन शब्द लॅटिन असून त्यांचा अर्थ 'समुद्रावरचे' इतकाच आहे. परंतु ज्या समुद्रावर हे गाव वसले आहे, तो दिवसातून दोन वेळा त्याला सोडून इतका लांब निघून जातो की, पाणी पाहण्यासाठी आलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा चिखलच येतो. ब्रिस्टलच्या खाडीतील भरती-ओहोटीचे अंतर जगातील सर्वांत मोठ्या अंतरांपैकी एक समजतात. गावकरी स्वतःच थट्टेने आपल्या गावाला 'वेस्टन-सुपर-मड' म्हणजे 'चिखलावरचे वेस्टन' म्हणतात. १९०४ साली उघडलेला व २००८ सालच्या आगीनंतर पुन्हा उभारलेला लांबलचक धक्का, वाळूवर मुलांना पाठीवर घेऊन फिरणारी गाढवे, पलीकडे धूसर दिसणारा वेल्सचा किनारा, एवढे पाहिले म्हणजे सामान्य प्रवाशाचे वेस्टन पाहून होते.

आम्ही उभयता तेथे गेलो ते मात्र समुद्रासाठी नव्हे. आमचा भाचा नोकरीनिमित्त ब्रिस्टल येथे राहतो. त्याला हेलिकॉप्टरांची छायाचित्रे घेण्याचा नाद आहे. नाद हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहो. कारण सुटीच्या दिवशी पहाटे उठून, थंडीत तीन-तीन तास एखाद्या कुंपणापाशी उभे राहून, शेवटी आकाशातून गेलेल्या एका यंत्राची चार चित्रे घेऊन प्रसन्न मुद्रेने घरी येणे, याला दुसरे नाव आम्हास सुचत नाही. 'मामा, एक दिवस माझ्याबरोबर चला, मग काय ते म्हणा,' असे तो म्हणाला आणि आम्ही गेलो.

वेस्टनच्या वेशीवर एक जुना विमानतळ आहे. १९३६ साली तो सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या शेजारच्या कारखान्यात ब्रिस्टल कंपनीची लढाऊ विमाने तयार होत. युद्ध संपल्यावर, १९५५ साली त्या कंपनीने आपला हेलिकॉप्टरांचा विभाग येथे आणला, व १९६० साली तो वेस्टलँड या कंपनीत सामील झाला. आता कारखानाही नाही आणि विमानतळही चालू नाही. मात्र त्या जागेवर १९८९ साली हेलिकॉप्टरांचे संग्रहालय उघडले, ते चालू आहे. एल्फान अ‍ॅप रीस या हेलिकॉप्टरांच्या इतिहासकाराने ते उभारले. निरनिराळ्या देशांची व निरनिराळ्या काळांची ऐंशीच्या वर यंत्रे येथे एका छपराखाली व त्याच्या अंगणात मांडलेली आहेत. राणीसाहेबांच्या खास ताफ्यातील वेसेक्स एका बाजूला, तर रशियन बनावटीचे एमआय-२४ हे लढाऊ धूड दुसऱ्या बाजूला. त्याच्या तोंडाकडील दोन फुगीर काचा पाहून सौभाग्यवतींना टोळाची आठवण झाली, आणि ती उपमा आम्हासही नाकारता आली नाही.

येथेच 'जी-लिंक्स' हे नोंदणीचिन्ह धारण करणारे ते वेस्टलँड लिंक्स आहे, ज्याने ११ ऑगस्ट १९८६ रोजी सॉमरसेटच्याच सखल प्रदेशावरून ताशी ४००.८७ किलोमीटर वेगाने उड्डाण केले. ट्रेव्हर एगिंटन व डेरेक क्लूज हे दोघे त्यात होते. नेहमीच्या घडणीच्या हेलिकॉप्टरांत तो उच्चांक पुढे कित्येक वर्षे कोणासही मोडता आला नाही. त्याच्याहून आमचे मन अधिक रमले ते बेल्व्हेडिअर या दोन पंख्यांच्या, केळ्यासारख्या वाकड्या यंत्रापाशी. या जातीची अवघी २६ यंत्रे बनली. युद्धात बेचिराख झालेल्या कॉव्हेंट्रीच्या प्रार्थनामंदिराची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्या माथ्यावरील धातूचा निमुळता कळस १९६२ साली अशाच एका बेल्व्हेडिअरने उचलून वर नेऊन बसविला. कळस चढविण्याचा सोहळा आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पण कळस वरून खाली उतरतो आहे आणि गवंडी खालून हात पसरून उभे आहेत, हा देखावा निराळाच म्हटला पाहिजे.

परंतु यंत्रांचे वर्णन करण्यास आम्ही बसलेलो नाही. आम्हास सांगावयाचे आहे ते त्यांच्याभोवती गळ्यात कॅमेरे अडकवून फिरणाऱ्या मंडळींविषयी. अनेक वर्षे वेस्टनच्या समुद्रकाठच्या हिरवळीवर उन्हाळ्यात हेलिकॉप्टरांचा मेळा भरत असे. ठिकठिकाणाहून वैमानिक आपापली यंत्रे घेऊन गवतावर उतरत, आणि ही मंडळी ती पर्वणी साधण्यासाठी लांबलांबहून येत. त्यांत निवृत्त वैमानिक असत, शाळकरी मुले असत, टपाल खात्यातील माणसे असत. प्रत्येकाच्या खिशात एक वही असे. यंत्राच्या शेपटावर रंगविलेले नोंदणीचिन्ह, जागा, तारीख, शक्य तर वैमानिकाचे नाव, अशी नोंद करून मगच ते छायाचित्र पुरे झाले असे समजावयाचे. पूर्वी कागदावरील चित्रे व रंगीत पारदर्शिका पाकिटांतून एका देशातून दुसऱ्या देशात जात. 'तू मला स्वित्झर्लंडमधले अमुक दे, मी तुला स्कॉटलंडमधले तमुक देतो' असा देवघेवीचा व्यवहार चाले. हल्ली ते काम क्षणात होते, पण नोंदीची शिस्त बदललेली नाही. त्र्यंबकेश्वरी वा नाशकास आपल्या तीर्थोपाध्यायांनी चोपडी उघडली आणि आपल्या पणजोबांची स्वाक्षरी समोर धरली म्हणजे जसे वाटते, तसेच काहीसे या वह्या पाहून आम्हास वाटले. हेलिकॉप्टर विकले जाते, नवा मालक नवा रंग देतो, देश बदलला तर चिन्हही बदलते. कारखान्यात घातलेला क्रमांक तेवढा कायम राहतो. त्या धाग्याला धरून हे लोक यंत्राची कुळी जन्मापासून मोडीत निघेपर्यंत लावून देतात.

आता या छायाचित्रणातील खरी गोम सांगतो. ती भाच्याने आम्हास संग्रहालयाच्या अंगणात उभे राहून कागदावर मांडून दाखविली, आणि आमच्या समजुतीला तिने चांगलाच धक्का दिला. आमची कल्पना अशी की, वेगाने जाणाऱ्या वस्तूचे चित्र घ्यावयाचे तर कॅमेऱ्याचे झाकण जितके चटकन उघडून मिटेल तितके बरे. विमानाच्या बाबतीत हे पुष्कळसे चालते. हेलिकॉप्टराच्या बाबतीत त्यानेच घात होतो. लहान हेलिकॉप्टराची माथ्यावरील पाती मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतात, म्हणजे एका सेकंदात २,४०० अंश. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते पाते जेमतेम अडीच अंश सरकते. सबब चित्रात ते खिळल्यासारखे स्पष्ट येते. यंत्र अधांतरी, पाती निश्चल. पाहणाऱ्याला वाटावे की आता हे दगडासारखे खाली येणार! सेकंदाचा १२५ वा भाग घेतला तर पाते १९ अंश फिरते आणि कडा विरघळू लागतात; ६० वा भाग घेतला तर ४० अंश, आणि मग माथ्यावर धुक्याच्या पंख्यासारखे वलय उमटते. उलट मिनिटाला २,४०० फेरे घेणाऱ्या विमानाच्या पंख्यास २५० वा भागही पुरतो, कारण तेवढ्यात तो ५७ अंश फिरून जातो. यंत्र जितके अवजड तितके पाते बहुधा संथ. शिनूकची पाती मिनिटाला २२५ फेरे घेतात, आणि रशियाच्या एमआय-२६ या महाकाय यंत्राची अवघे १३२. अशांच्यापुढे हात किती स्थिर ठेवावा लागत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

कारण अडचण येथेच आहे. पात्यासाठी झाकण सावकाश मिटवावे, तर तेवढ्या अवधीत यंत्राचे अंगही पुढे सरकते आणि चिन्ह वाचता येत नाही. यावर उपाय एकच. यंत्राबरोबर कॅमेरा फिरविणे, आणि तोही मनगटाने नव्हे तर कंबरेपासून, पाय रोवून, श्वास रोखून. पन्नासांतून एखादे चित्र साधते. बाकीची एकूणपन्नास कोणाला दाखवावयाची नसतात. या मंडळींत एखाद्याचे चित्र पुढे आले की, 'पाती फिरताहेत का?' हा पहिला प्रश्न असतो, आणि थिजलेल्या पात्यांचे चित्र, मग ते कितीही रेखीव असो, मान हलवून परत दिले जाते. यात शिष्टपणा थोडा आहे हे खरे. पण विचार करता आम्हास त्यांचे म्हणणे पटले. हेलिकॉप्टर उभे असताना त्याची पाती मरगळल्यासारखी खाली वाकलेली असतात. ती फिरली म्हणजे ताठ होतात आणि त्यांनीच सारा भार उचललेला असतो. चित्रातून ते फिरणेच वजा केले तर उरते काय?

रात्रीच्या अंधारात हेच झाकण थोडा अधिक वेळ उघडे ठेवले असता एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. वाळवंटात उतरणाऱ्या हेलिकॉप्टराच्या पात्यांच्या कडेला झिजू नये म्हणून कठीण धातूची पट्टी बसविलेली असते. उडणाऱ्या वाळूचे कण तिच्यावर आपटून धातूचे सूक्ष्म कण निघतात, ते हवेत पेटतात, आणि पात्यांच्या वाटेवर ठिणग्यांचे सोनेरी कडे तयार होते. वैमानिकांना हे ठाऊक होते, पण त्याला नाव नव्हते. मायकेल यॉन या अमेरिकन लेखक-छायाचित्रकाराने २००९ साली अफगाणिस्तानात हेल्मंड प्रांतात अशा कड्याची अप्रतिम चित्रे घेतली, आणि त्याच वर्षी त्या युद्धात पडलेल्या बेंजामिन कॉप या अमेरिकन व जोसेफ एचेल्स या ब्रिटिश शिपायांची नावे त्या प्रकाशाला दिली. 'कॉप-एचेल्स परिणाम' हे नाव आता वैमानिकांच्याही तोंडी रुळले आहे. चित्रे पाहताना प्रथम त्यांच्या सौंदर्याने भान हरपते; नावाचा उगम कळला म्हणजे ते पाहणे तितकेसे सोपे राहत नाही.

संग्रहालयाच्या उपाहारगृहात भाच्याच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. ऐन उमेदीत त्यांनी उत्तर समुद्रातील तेलाच्या फलाटांवर माणसे नेण्या-आणण्याचे काम केले होते. त्यांच्याजवळ चित्रांची एक जाडजूड वही होती. जमिनीवरून घेतलेली चित्रे आणि वैमानिकाने आसनावरून घेतलेली चित्रे यांत केवढा भेद असतो, हे ती चाळताना कळले. खालून पाहणाऱ्यास यंत्र हवे असते. आत बसलेल्यास यंत्राशिवाय सर्व काही हवे असते. पहाटेचा समुद्र, धुक्यातून वर आलेली फलाटाची शिडी, उतरण्याच्या चौथऱ्यावरील पांढरे वर्तुळ, कोपऱ्यात सहकाऱ्याचा हातमोजा. नियमही उलटे. खालच्याने झाकण सावकाश मिटवावे, आतल्याने होईल तितके चटकन. कारण आत सारे अंग थरथरत असते. हाताचे कोपर दाराच्या चौकटीला टेकावयाचे नाही, नाहीतर चौकटीचा कंप थेट भिंगात शिरतो. आणि कॅमेऱ्याचा प्रत्येक सुटा भाग दोरीने बांधून ठेवावयाचा. दार उघडे असताना भिंगाचे टोपण निसटून शेपटाकडील पंख्यात गेले, तर ते टोपण सर्वांचा जीव घेऊ शकते.

बांधण्याचा विषय निघाला तेव्हा त्या गृहस्थांचा चेहरा बदलला. ११ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे घडलेला अपघात त्यांनी आम्हास सांगितला. शहराची छायाचित्रे घेण्यासाठी दारे काढून टाकलेल्या हेलिकॉप्टरातून पाच उतारू निघाले होते. ते बाहेर पडू नयेत म्हणून प्रत्येकाला पाठीमागून पट्ट्याने जखडले होते. त्यांतील एकाचा पट्टा तेल बंद करण्याच्या दांड्यात अडकला, इंजिन थांबले, आणि वैमानिकाने यंत्र ईस्ट नदीत उतरविले. तरंगण्यासाठी असलेल्या पिशव्या नीट फुगल्या नाहीत. यंत्र उलटे झाले. वैमानिक बाहेर पडला. पट्टा सोडविता न आल्यामुळे पाचही उतारू बुडून मेले. जो पट्टा प्राण राखण्यासाठी बांधला त्यानेच ते घेतले. पट्टा असा हवा की बांधलेल्या माणसाला तो स्वतःच्या हाताने, पाहिल्याशिवाय, उलटे टांगलेले असतानाही सोडता आला पाहिजे; तसा नसेल तर त्या यंत्रात पाऊल ठेवू नये, असे ते गृहस्थ म्हणाले. हल्ली प्रवासास जाणाऱ्या तरुण मंडळींस अशा उड्डाणांची मोठी ओढ असते, म्हणून हे आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहिले.

चहा झाल्यावर त्यांनी आम्हास एका कोपऱ्यात नेले. तेथे कसलेसे मोडके भाग ठेवलेले होते. फेअरी कंपनीच्या रोटोडाइनचे हे अवशेष. हेलिकॉप्टरासारखे उभे उठावयाचे आणि विमानासारखे आडवे जावयाचे, शहराच्या मध्यभागातून चाळीसांवर उतारू घेऊन दुसऱ्या शहराच्या मध्यभागी उतरावयाचे, अशी त्याची योजना. ६ नोव्हेंबर १९५७ रोजी ते प्रथम उडाले. ५ जानेवारी १९५९ रोजी त्याने ताशी ३०७ किलोमीटरचा उच्चांक केला. पण पात्यांच्या टोकांशी पेटणाऱ्या झोतांचा आवाज कानठळ्या बसविणारा होता, खर्चही वाढत चालला होता. १९६२ साली योजना सोडून देण्यात आली आणि तयार झालेले एकुलते एक यंत्र तोडून टाकले. उडणाऱ्या रोटोडाइनची जी मूर्ती आज लोकांच्या डोळ्यांपुढे आहे, ती त्या चार वर्षांत ज्यांनी कॅमेरा रोखला त्यांच्या कृपेने. कोपऱ्यातल्या त्या तुकड्यांवरून ती कोणासही उभी करता आली नसती.

आणि मग आम्ही वेस्टलँड-३० या यंत्रापुढे आलो. चौकोनी, पेटीसारखे अंग. दिसण्यात काहीच विशेष नाही. सौभाग्यवती पुढेही गेल्या होत्या. भाचा मात्र थबकला.

या यंत्राची कथा अर्धी सॉमरसेटची आणि अर्धी आपली आहे. येथून जवळच्या योव्हिल गावी ते तयार झाले आणि १९७९ साली प्रथम उडाले. गिऱ्हाईक फारसे मिळेना. कंपनी डबघाईस आली. तिला कोणी सावरावे या वादात जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी ब्रिटनने दिलेल्या मदतीच्या पैशातून यांतील २१ हेलिकॉप्टरे भारताने घेतली. एकंदर बनलीच होती चाळीसच्या आसपास. ती पवन हंस या नव्या सरकारी संस्थेकडे आली. मुंबईच्या समुद्रातील तेलाच्या फलाटांवर जाणे-येणे हा त्यांचा एक उद्देश होता. १९८८ साली जम्मूकडील डोंगरात आणि १९८९ साली नागालँडमध्ये असे दोन प्राणघातक अपघात झाले; यंत्रे नादुरुस्त होत राहिली; १९९१ साली सर्वांची उड्डाणे थांबविली. मुंबई व दिल्ली येथे ती वर्षानुवर्षे उन्हापावसात उभी राहिली आणि अखेर क्षुल्लक किमतीस फुंकून टाकण्यात आली. दोन्ही देशांच्या राज्यकर्त्यांना ज्यांची आठवण नकोशी वाटावी अशी ही यंत्रे. त्यांची वंशावळ ठेवण्याचे कोणास काय पडले आहे?

त्या वृद्ध गृहस्थांस पडले होते. वहीच्या शेवटी त्यांनी भारतात गेलेल्या यंत्रांची यादी केली होती. योव्हिलहून निघण्यापूर्वीची चित्रे त्यांच्यापाशी होती. मोडकळीस आलेल्यांचीही काही होती. मधल्या काळाची, भारतात उडत असतानाची, फार थोडी. याचे कारण उघड आहे. आपल्याकडे १९३७ च्या विमानविषयक नियमांनी सरकारी विमानतळावर लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास मनाई केलेली; १९२८ साली उघडलेल्या आणि १९३२ साली जे. आर. डी. टाटा यांचे टपालविमान जेथे उतरले त्या जुहूच्या विमानतळावरही कुंपणापाशी वही-कॅमेरा घेऊन उभे राहण्याची चाल कधी पडली नाही.

'जुहूचे एक आहे माझ्याजवळ,' भाचा म्हणाला, आणि त्याने फोनवर एक चित्र काढून दाखविले. चित्र त्याच्याच मुंजीतले! आमच्या भगिनीचे बिऱ्हाड तेव्हा पार्ल्यास होते. संध्याकाळची भिक्षावळ निघालेली. बटू मध्यभागी, हातात दंड, मागे सनईवाला, बाजूस शालू सावरीत चाललेल्या बायका. आणि सर्वांच्या डोक्यांवर, समुद्राकडून उतरणीला लागलेले एक चौकोनी अंगाचे हेलिकॉप्टर. चित्र घेणाऱ्याचे तिकडे लक्षही नसावे. सांजावलेल्या उजेडामुळे त्याने झाकण सावकाश मिटविले होते, त्यामुळे माथ्यावर पात्यांचे पुरे वलय उमटले होते. लहानपणी आपण वर पाहत होतो म्हणून आईने हात ओढला, एवढे भाच्यास आठवत होते.

वृद्ध गृहस्थांनी चष्मा काढून ते चित्र पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. शेपटावरचे चिन्ह काही केल्या लागेना. त्यांनी तारीख विचारली. भाच्यास साल सांगता आले, १९८८. तारीख सांगता येईना. सौभाग्यवतींनी ती तत्काळ सांगितली, मुहूर्ताच्या वेळेसह. मुंजीच्या याद्या त्यांनीच केल्या होत्या, त्यामुळे चूक होण्याचा संभव नव्हता. गृहस्थांनी पेन्सिल काढली, यादीच्या खाली एक नवी ओळ आखली, त्यात 'जुहू, मुंबई' असे लिहून पुढे ती तारीख घातली, आणि चिन्हाची जागा रिकामी ठेवली. मग वहीवरून मान वर करून त्यांनी भाच्यास विचारले, 'त्या दिवशी आपल्या हातात ती काठी कशासाठी होती?'